स्वयंपाकघराचा कोपरा खचतोय : अंडरपिनिंग कोणी करून घेतलंय का?

गच्चीवाली

नमस्कार मंडळी. कर्वेनगरला आमचं तळमजला अधिक एक असं घर आहे. १९७९ सालचं, लोडबेअरिंग. कॉलम-बीम नाहीत, खाली दगडी पाया आणि वर वीटकाम. मागच्या बाजूचा स्वयंपाकघराचा कोपरा खचतोय. ओट्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघते आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जोत्यापर्यंत उतरते. वर रुंद, खाली बारीक. आतून दिसते तशीच बाहेरूनही दिसते. मोरीचं दार चौकटीत अडकतं, रंधा मारून घेतला तरी पुन्हा घासायला लागलं.

पूर्वी ही भेग उन्हाळ्यात उघडायची आणि पावसाळ्यात मिटायची. बाबा दिवाळीच्या आधी पुट्टी भरून रंग मारून घ्यायचे, विषय संपायचा. गेली काही वर्षं मात्र ती मिटायचं नावच घेत नाही.

तीन माणसं बघून गेली. पहिला म्हणाला, पूर्ण घराला अंडरपिनिंग करा, म्हणजे पायाखाली खणून नवीन काँक्रीट भरायचं. दुसरा म्हणाला, पॉलिमर मोर्टार भरून जाळी मारतो, काही होत नाही. तिसरे आमचे मेहुणे. ते म्हणतात, बिल्डरला देऊन टाका. पहिल्या दोघांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि मेहुण्यांचा सल्ला फुकट आहे.

कोणी प्रत्यक्ष करून घेतलंय का? राहत्या घरात जमतं का? विश्वास ठेवायचा कोणावर?

चहाबाज

पहिला! पुण्यात घराला भेग पडली की पायलीचे पन्नास सल्लागार मिळतात. धाग्याचं त्रिशतक नक्की. चहा ठेवलाय.

ईशान्येश्वर

कोपरा नेमका कोणत्या दिशेचा आहे ते लिहिलेलं नाही. नैर्ऋत्य असेल तर गंभीर आहे.

चिंगी

@ईशान्येश्वर, गुरुत्वाकर्षणाच्या दिशेचा आहे.

मुरूमखडी

चाळीस वर्षं साइटवर काढली आहेत म्हणून थोडं लांबण लावतो.

गच्चीवाली, पूर्ण घराच्या अंडरपिनिंगवर आत्ता अजिबात सही करू नका. पॉलिमरवाल्यालाही परत पाठवा. दोघांनीही भिंत पाहिली, जमीन कोणीच पाहिली नाही.

पुण्याखाली बेसॉल्ट आहे. पण पाया खडकावर आहे की नाही हे गल्लीगणिक बदलतं. टेकडीच्या बाजूला दोन फुटांवर मुरूम लागतो. नदी-ओढ्याच्या काठाला आणि हडपसर-मांजरीच्या बाजूला काळी माती जाड असते. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. तुमची भेग मेमध्ये उघडायची आणि पावसाळ्यात मिटायची, म्हणजे त्या कोपऱ्याखाली काळी माती असणार. प्रयोगशाळेत तिची 'फ्री स्वेल'ची चाचणी होते, म्हणजे भिजल्यावर माती किती फुगते ते मोजतात. आकडा ५० टक्क्यांच्या वर गेला की सावध राहायचं. अशा मातीसाठीच रुडकीच्या सीबीआरआयने, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने, अंडर-रीम्ड पाइल विकसित केले: जमिनीत खोल जाणारे, खाली कंद असलेले काँक्रीटचे खांब. ओल-वाळीचा खेळ साडेतीन मीटरपर्यंत चालू शकतो, त्याच्या खाली जाऊन घट्ट बसायचं, हा त्यामागचा विचार.

तिसरा प्रकार भरावाचा. नाला बुजवून किंवा राडारोडा टाकून सपाट केलेला प्लॉट. तो वर्षानुवर्षं बसत राहतो आणि पाणी मुरलं की एकदम बसतो.

आता मला सांगा: १) मोरीचं आणि ओट्याचं पाणी कुठून जातं, चेंबर भिंतीपासून किती लांब? २) जवळ मोठं झाड? ३) शेजारी खोदकाम झालंय का? ४) गच्चीच्या पावसाचं पाणी कुठे पडतं? या चारांत उत्तर नसेल तर बाकी बोलू.

लंबक

मुरूमखडींशी सहमत. त्यात भर.

भेग जिवंत आहे की मेलेली ते आधी ठरवा. काचेची बारीक पट्टी घ्या, काच कापणाऱ्याकडे कपटे पडलेले असतात. भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला चिकटवा, मधला भाग मोकळा. टोकाशी पेन्सिलीने तारीख. काच तडकली तर भिंत हलतेय. पण काच फक्त हलतंय एवढंच सांगते, किती ते नाही. त्यासाठी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू ठोका आणि महिन्यातून एकदा व्हर्नियरने दोघांतलं अंतर मोजा. शक्यतो सकाळीच मोजा, दुपारी ऊन लागून भिंत फुगते.

सोबत जोत्याच्या पातळीला घराभोवती खुणा करून लेव्हल ट्यूबने फरक काढा. गवंड्याकडे असते तीच पारदर्शक नळी. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं मोजमाप चुकतं, तेवढं बघा.

एक पावसाळा आणि एक उन्हाळा, एवढे आकडे हातात आल्याशिवाय पायाला हात लावू नये असं माझं मत आहे.

भिंतीला_कान

वर्षभर नुसतं मोजायचं? तोवर ओट्याचं काय?

लंबक

@भिंतीला_कान, इतकी वर्षं पुट्टी लावून काढली ना? भेग झपाट्याने वाढली, स्लॅबला तडा दिसला किंवा भिंत ओळंब्यातून बाहेर गेली तर टेकू लावून त्याच दिवशी इंजिनियर बोलवायचा. तेव्हा वाट बघायची नाही.

वाड्यातला

आमच्या पेठेत उलटी गंमत. आमच्या वाड्याचं जोतं दगडी, सांगाडा लाकडी खांब-तुळयांचा, भिंती मातीच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमच्या आळीत भिंती पाण्यात विरघळल्या आणि काही ठिकाणी नुसता लाकडी सांगाडा उभा राहिला. आजोबा सांगायचे की पाणी असताना जेवढं पडलं त्याहून जास्त पाणी ओसरल्यावर पडलं. भिजलेली माती, आधाराचं पाणी गेलेलं, भिंती आपसूक बसल्या.

आणि पेठेत जमिनीखाली काय आहे ते कोणाला माहीत नसतं. जुन्या विहिरी, हौद, कात्रजहून पाणी आणणारी पेशवाईतली नळं. २०२४ च्या सप्टेंबरात बुधवारात सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा अख्खा ट्रक जमिनीत गेला, आठवतंय ना?

चहाबाज

तो व्हिडिओ मी दिवसभर बघत होतो. ट्रक उभा, बघताबघता शेपटीवर जमिनीत!

चिंगी

पोस्टात टाकलेली वस्तू परत मिळते म्हणतात. ट्रक मिळाला.

गच्चीवाली

सगळ्यांचे आभार. मुरूमखडी काकांच्या प्रश्नांची उत्तरं:

चेंबर भिंतीला लागूनच आहे, मोरीच्या खाली. पाइप जुने चिनी मातीचे. झाड आहे: उंबर. भिंतीपासून चार पावलांवर, आमच्या आजीने लावलेला. आई रोज त्याला पाणी घालते, तोडायचं नाव काढलं तर मलाच घराबाहेर काढेल. शेजारी खोदकाम झालंय. पलीकडचा बंगला पाडून पार्किंगसाठी बेसमेंट खणलं, तेव्हा आमच्या कुंपणाची भिंत थोडी झुकली. मात्र ती बाजू पुढची, स्वयंपाकघर मागे. गच्चीचं पाणी पन्हळीतून थेट मागच्या अंगणात पडतं.

म्हणजे चारही लागू! मला बक्षीस द्या.

मुरूमखडी

चिनी मातीचे पाइप आणि चार पावलांवर उंबर! मुळं सांध्यांत शिरली नसतील तरच नवल. त्या पाइपांचे सांधे सुतळी आणि सिमेंटचे असतात. सिमेंटला चीर गेली की मुळाचा केसासारखा तंतू आत जातो आणि पाणी मिळालं की तिथेच जाड होतो. पुढे पाइप फुटतो आणि पाणी पायाखाली मुरायला लागतं. काळी माती भिजून मऊ होते, आणि खाली भराव असेल तर त्यातला बारीक भाग पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणूनच बहुधा भेग आता मिटत नाही.

तपासणी फुकटची आहे. चेंबरचा बाहेर जाणारा तोंडाचा भाग गोणपाट आणि प्लास्टिकच्या बोळ्याने घट्ट बंद करा, वरून पाणी सोडून चेंबर काठोकाठ भरा, खडूने रेघ मारा आणि रात्रभर नळ बंद ठेवा. सकाळी पातळी किती उतरली ते बघा.

थेम्सकाठी

मी लंडनमध्ये राहते, इथे हा विषय म्हणजे राष्ट्रीय छंद आहे. लंडनखालची चिकणमातीही अशीच, उन्हाळा कोरडा गेला की आक्रसते. १९७६ च्या दुष्काळानंतर इथे घरांना भेगा पडल्याच्या विमा दाव्यांचा पूर आला आणि तेव्हा सरसकट अंडरपिनिंग केलं गेलं. आता विमा कंपन्या आधी झाड आणि गटार बघतात, महिनोन्महिने मोजमाप घेतात आणि बहुतेक घरांचं तेवढ्यावरच भागतं. अंडरपिनिंग शेवटी.

एक मात्र सांगते: काळ्या मातीतलं मोठं झाड एकदम तोडणं हाही इलाज नाही. झाड जे पाणी ओढत होतं ते मातीत राहतं, माती फुगते आणि घर उलट वर उचललं जातं. तेव्हा आईंचा उंबर सुरक्षित!

अवांतर: अंडरपिनिंगची सगळ्यात भारी गोष्ट इथल्या विंचेस्टर कॅथेड्रलची. खाली दलदलीची माती, पाया खचत होता, खणलं की खड्ड्यात पाणी. मग विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याला उतरवलं. १९०६ ते १९११, पाच-सहा मीटर गढूळ पाण्याखाली, काहीच दिसत नसे, हाताने चाचपडत तो काँक्रीटच्या गोण्या पायाखाली रचत होता. तळ असा बंद झाल्यावर पाणी उपसलं आणि गवंड्यांनी वर बांधून काढलं. १९१२ मध्ये राजाच्या हजेरीत आभाराची प्रार्थना झाली.

चहाबाज

आणि आमच्याकडे प्लंबर बेसिनखाली वाकायचे वेगळे पैसे मागतो.

कलम_कागद

वकील म्हणून शेजारच्या बेसमेंटवर बोलतो, कारण पुण्यात पुनर्विकासाचा धडाका बघता हे अनेकांना लागणार आहे.

१८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्यात, म्हणजे ईझमेंट्स ॲक्टमध्ये, कलम ७ खाली आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. पण तो जमीन नैसर्गिक अवस्थेत असताना. वर घराचा भार असेल तर कलम १५ बघायचं: तो आधार हक्क म्हणून २० वर्षं शांतपणे, खंड न पडता मिळत आला असेल तर त्याचा सुखाधिकार तयार होतो. १९७९ च्या घराला ही मुदत केव्हाच ओलांडून झाली.

मात्र कोर्टात विचारतील, भेग खोदकामामुळे पडली हे दाखवा. शेजारी खणायला सुरुवात होण्याआधी आपल्या घराचे तारीखवार फोटो नसतील तर प्रकरण लटकतं. ज्यांच्या शेजारी आत्ता पत्रे लागलेत त्यांनी उद्याच्या उद्या फोटो काढून ठेवा आणि शेजाऱ्याच्या आर्किटेक्टला लेखी पत्र द्या.

झाडाबाबत: शहरी हद्दीत १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी.

सूरपारंब्या

आमच्या सोसायटीच्या शेजारी खणताना कडेला पाइल मारले नव्हते, नुसती उभी कड सोडली होती. पावसात रस्त्याचा तुकडाच आत गेला. गाड्या वाचल्या ते नशीब.

नगरी_खाक्या

अंडरपिनिंग कसं करू नये ते सांगतो. आमच्या आत्याचं घर नगरला, असंच लोडबेअरिंग. गावातल्या एका मिस्त्रीने "रोज थोडं थोडं कोण करत बसणार" म्हणून बाजूच्या भिंतीचा पाया एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग मोकळा केला. बिगारी जेवायला वर आले आणि मागे भिंत चौकटीसकट खड्ड्यात बसली. माणसं वाचली ती भाकरीमुळे. आत्या नंतर वर्षभर भाड्याच्या खोलीत.

मुरूमखडी

@नगरी_खाक्या, हे लिहिलंत ते फार बरं झालं.

राहत्या घरात काम जमतं, पण शिस्तीने. भिंतीची लांबी चार-चार फुटांच्या खणांत वाटायची, खडूने नंबर टाकायचे. शेजारशेजारचे खण एकाच वेळी कधीच उघडायचे नाहीत. एकूण भिंतीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त भाग कधीच निराधार नको. एक खण खणा, जुन्या पायाच्या दगडांचा तळ तारेच्या ब्रशने घासून माती काढा, मुरूम लागेपर्यंत उतरा, फळ्या लावून कडा धरा, काँक्रीट ओता. काँक्रीट पायाला चिकटवायचं नाही. वर तीन बोटं फट सोडायची, कारण काँक्रीट सुकताना थोडं बसतं. निदान एक दिवस जाऊ द्या आणि मग त्या फटीत कोरडसर मोर्टार लाकडी ठोकळ्याने ठासून भरा. मुठीत दाबलं तर लाडू वळला पाहिजे पण पाणी सुटता कामा नये, इतपत ओलं. हल्ली नॉन-श्रिंक, म्हणजे सुकताना न आक्रसणारं, ग्राउट मिळतं, तेही चालतं. सगळं काम या तीन बोटांवर आहे. ते ठासणं ढिलं राहिलं तर खालचं काँक्रीट नुसतं शोभेचं, घर पुन्हा तेवढं बसणारच.

काळ्या मातीत खड्ड्याच्या कडा अचानक ढासळतात. माणसाला खड्ड्यात एकटं सोडायचं नाही आणि पावसाळ्यात हे काम काढायचंच नाही.

वाघोलीचा_वाघ

आमची सहा मजली इमारत आहे, आरसीसी. पार्किंगची फरशी एका बाजूला बसलीय. एकजण म्हणतो ग्राउटिंग करा, जमिनीत सिमेंटचं पाणी दाबून भरू. उपयोग होईल का?

लंबक

@वाघोलीचा_वाघ, आधी बघा की फक्त फरशी बसलीय की कॉलमही. फरशी खालच्या भरावावर असते, कॉलमचं फुटिंग, म्हणजे त्याचा पाया, वेगळं खाली. नुसती फरशी असेल तर भराव नीट दाबला नव्हता, इमारतीला सहसा धोका नसतो. भिंती आणि बीमच्या सांध्यांत तिरप्या भेगा असतील तर मात्र कॉलम बघायला हवेत.

ग्राउटिंग मुरमाड भरावात, पोकळ्यांत चांगलं चालतं. काळ्या मातीत सिमेंटचे कण शिरतच नाहीत, माती फाडून कुठेतरी शेजाऱ्याच्या चेंबरात निघतात. आरसीसीला फुटिंग सुधारायचं तर भार आधी टेकू-जॅकवर घ्यावा लागतो, किंवा फुटिंगच्या कडेने मायक्रोपाइल, म्हणजे बारीक पाइल, मारून त्यांना नव्या काँक्रीटने बांधून घ्यावं लागतं. व्यास ३०० मिमीहून कमी असल्याने लहान यंत्राने पार्किंगच्या उंचीतही होतात. ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करून ठरवायची गोष्ट नाही. माती परीक्षण आणि स्ट्रक्चरल इंजिनियर, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाघोलीचा_वाघ

मीटिंगमध्ये अजून रंगाची छटा ठरलेली नाही. धन्यवाद.

मेहुणा_नंबर_दोन

अप्रिय बोलतो. १९७९ चं घर, मालकी स्पष्ट, कर्वेनगरसारखी जागा. एवढा खर्च पायात घालण्यापेक्षा पुनर्विकास का नको? तिथे आजूबाजूला सगळे तेच करतायत.

गच्चीवाली

@मेहुणा_नंबर_दोन, तुम्ही खरे कोण आहात हे मला कळलंय, घरी या, बघते.

आणि एक अपडेट. चेंबरची चाचणी केली. रात्री काठोकाठ होतं, सकाळी तळाला चिखल होता फक्त! प्लंबरने पाइप उघडला तर आत उंबराच्या मुळांचा हातभर लांब लाल-तपकिरी झुपका. त्यातून एक स्टीलचा चमचाही निघाला, तो आईचा हरवलेला आहे म्हणे.

थेम्सकाठी

चमच्यासाठी घर खचलं!

लंबक

मग आता थांबा. पीव्हीसी पाइप टाका, चेंबर भिंतीपासून दूर न्या, पन्हळीचं पाणी पाइपने बाहेर काढा, घराभोवती चार-पाच फूट रुंद उताराची फरसबंदी करा म्हणजे भिंतीलगतची ओल स्थिर राहील. आणि मोजत राहा. माझ्या मते अंडरपिनिंग लागणारच नाही.

शिवाय एका कोपऱ्याचंच अंडरपिनिंग करणं धोक्याचं आहे. तो कोपरा मुरमावर घट्ट बसेल आणि उरलेलं घर काळ्या मातीवर दर वर्षी वर-खाली होत राहील. नवी भेग जोडावर पडणार, म्हणजे आज खिडकीपाशी आहे ती उद्या हॉलमध्ये. हे मी एका शाळेच्या इमारतीत पाहिलंय.

मुरूमखडी

पाण्याचं आधी करा, यात दुमत नाही. पण "लागणारच नाही" हे खड्डा न काढता कसं सांगता? उरलेलं घर कशावर आहे ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. जर ते मुरमावर असेल तर तुमचा आक्षेप उलटा होतो: घट्ट घराला लटकलेला सैल कोपरा. तेव्हा कोपरा खाली न्यायलाच हवा.

लंबक

जर.

मुरूमखडी

म्हणूनच खड्डा काढा म्हणतोय.

चहाबाज

चहा संपला, आता भजी.

रिटायर्ड_आजी

मी इंजिनियर नाही, पण एक विचारते. गच्चीवाली, तुमच्या घरात ओट्याची खिडकी पूर्वीपासून तिथेच होती का? आमच्या कॉलनीत १९८०-९० च्या सुमारास सगळ्यांनी स्वयंपाकघरं मागे सहा-आठ फूट वाढवली, मुलांची लग्नं झाली की. मूळ घराचा पाया आर्किटेक्टच्या नकाशाप्रमाणे आणि वाढीव भागाचा पाया मिस्त्रीच्या मर्जीप्रमाणे. आमच्याकडे बरोब्बर जुनी-नवी भिंत मिळते तिथेच भेग आहे.

गच्चीवाली

आजी!! काकाचं लग्न १९८८ ला झालं तेव्हा स्वयंपाकघर मागे वाढवलंय. आईला विचारलं, खिडकी वाढीव भागात आहे आणि भेग जोडापासून वीतभर अंतरावर. एवढी माणसं घर बघून गेली, कोणी हे विचारलं नाही.

मुरूमखडी

आजी, माझा नमस्कार घ्या.

गच्चीवाली, आता दोन खड्डे: एक मूळ घराच्या भिंतीशी, एक वाढीव कोपऱ्याशी. माणूस जेमतेम उतरेल एवढेच. पायाचा तळ दिसेपर्यंत खणा, त्याखाली खणायचं नाही, पहार मारून बघायचं. मातीत पहार दबकन जाते, मुरमात अडते, आवाजच वेगळा येतो.

ईशान्येश्वर

खड्डा शुक्रवारी काढू नये.

चिंगी

शुक्रवारी बिगारी येतच नाहीत, काळजी नसावी.

गच्चीवाली

दोन्ही खड्डे काढले, स्ट्रक्चरल इंजिनियर बाई येऊन बघून गेल्या. मूळ घराचा पाया साडेपाच फूट खोल, खाली पिवळसर घट्ट मुरूम. वाढीव भागाचा पाया अडीच फुटांवर संपतो! त्याखाली काळी माती, विटांचे तुकडे, कौलांचे तुकडे आणि एक तुटकी कपबशी. बाबांनी फोटो बघितला आणि दुसऱ्या खोलीत निघून गेले.

शेजारच्या काकांची खड्ड्याभोवती सभा भरली होती. माझ्या भावाने पुठ्ठ्यावर पाटी लावली: "खड्डा आमच्या खर्चाने काढला आहे. सल्ला आपापल्या घरी द्यावा."

बाईंनी सांगितलं की फक्त वाढीव भागाच्या तीन भिंतींखाली मूळ पायाच्या पातळीपर्यंत अंडरपिनिंग करायचं. पूर्ण घराला हात लावायची गरज नाही. आधी ड्रेनेज, मग पावसाळा जाऊ द्यायचा, काम दिवाळीनंतर.

लंबक

साडेपाच आणि अडीच? मग माझा आक्षेप मागे. दोन्ही भाग एकाच मुरमावर बसणार असतील तर कोपऱ्याचं अंडरपिनिंग योग्यच आहे. फक्त बाईंना विचारा, जुन्या-नव्या भिंतीच्या जोडाचं काय करणार? पट्ट्या मारून शिवणार की सांधा मोकळा ठेवणार?

कलम_कागद

आणि कामाचा करार लेखी करा. खणांचा क्रम नकाशावर दाखवून त्यावर कंत्राटदाराची सही घ्या. दर चौरस फुटावर नको, प्रत्येक खणावर ठेवा आणि खण बंद व्हायच्या आधी इंजिनियरने बघितल्याशिवाय पैसे नाहीत, ही अट घाला.

वाड्यातला

पिसाच्या मनोऱ्याला हेच करायला हवं होतं.

थेम्सकाठी

@वाड्यातला, तिथे उलटं केलं! कललेल्या बाजूला आधार देण्याऐवजी दुसऱ्या बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढली. १९९० पासून २००१ पर्यंत मनोरा लोकांना बंद होता. साधारण ४५ सेंटीमीटर मागे आला. पूर्ण सरळ मुद्दाम केला नाही, नाहीतर बघायला कोण येणार?

गच्चीवाली

बरेच महिने झाले, धागा वर काढतेय. दिवाळीनंतर काम झालं.

आम्ही घरातच राहिलो. गॅस हॉलमध्ये आणला, भांडी गच्चीवर घासली. तीन भिंतींचे खण खडूने नंबर टाकून घेतले. कंत्राटदाराच्या माणसाला चार नंबर उघडा असताना शेजारचा पाच उघडायचा होता, "ताई, मशीन आलंय, उद्या परत कोण आणणार". मी त्याला नगरच्या आत्यांची गोष्ट सांगितली. @नगरी_खाक्या, आत्यांना नमस्कार.

काकांनी सांगितलेला लाडू मी स्वतः वळून बघत होते. पहिल्या दिवशी मोर्टारमधून पाणी सुटलं, परत कालवायला लावला. मिस्त्री पहिल्यांदा हसला, मग तोही प्रत्येक घमेल्याला मूठ वळून दाखवायला लागला. फट भरताना खालून ठोकळ्याचे ठोके घरभर ऐकू येत होते.

@लंबक, जोड शिवला नाही. बाईंनी उभा सांधा कापून मोकळा ठेवला, आत फोमची दोरी आणि वर सीलंट. बाहेरून पट्टी मारली आहे. जुनी भेग मोर्टारने भरली, तीवर नवी काच. मोरीचं दार अजून थोडं घासतं, कारण खचलेलं वर आलेलं नाही, फक्त आणखी खाली जायचं थांबवलंय. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. दाराची चौकट नवीन बसवणार आहे. आणि उंबर जागेवर आहे; त्याच्या आणि पाइपच्या मध्ये काँक्रीटची उभी आडभिंत घातली आहे.

चहाबाज

आणि चमचा?

गच्चीवाली

ड्रॉवरमध्ये. आई त्याने साखर घालते, बाबा घेत नाहीत.

भिंतीला_कान

कंत्राटदाराचा नंबर व्यनि करता का? आमचंही वाढीव स्वयंपाकघरच आहे.

गच्चीवाली

केला. पण आधी इंजिनियर बाईंना बोलवा, तो त्यांच्या धाकाने नीट वागतो. काचेचे आणि स्क्रूचे आकडे मी मेच्या शेवटी इथे टाकते.

लंबक

मेच्या शेवटी एक आणि सप्टेंबरात एक असे दोन्ही घ्या. आणि मोजमाप त्याच माणसाने, त्याच व्हर्नियरने.